गोचिडीची हद्द

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात टोलोनो नावाचं एक लहानसं रेल्वे स्टेशन होतं. १८६८ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे टेक्सासच्या गुरांनी भरलेले डबे येऊ लागले. मिसिसिपी नदीतून आगबोटीने कैरो या बंदरापर्यंत आणि तिथून आगगाडीने टोलोनो, असा त्यांचा प्रवास. लांबच लांब शिंगं, उंच बांधा, अंगावर मांस बेताचं. गुरं आजूबाजूच्या मोकळ्या कुरणांत सोडली गेली; अंग धरलं की शिकागोच्या बाजारात भाव बरा येणार होता. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. जुलै सरता सरता गावातल्या गायी पडायला लागल्या. पुढ्यात टाकलेल्या चाऱ्याला तोंड लावेनात. कान लोंबलेले, पाठ कमानीसारखी वर आलेली, अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. लघवी आधी तांबूस, मग काळसर लाल. तीन-चार दिवसांत जनावर आडवं.

त्या उन्हाळ्यात इलिनॉय आणि शेजारच्या इंडियानात मिळून सुमारे १५,००० जनावरं मेली. ती तिथलीच, दावणीची. टेक्सासहून आलेली गुरं त्याच कुरणात शेपट्या हलवत उभी होती.

उत्तरेतले शेतकरी या रोगाला ‘टेक्सास ताप’ म्हणत. टेक्सासवाल्यांना ते नाव शिवीसारखं लागे. ज्याचं एकही जनावर साधं शिंकत नाही त्याच्या कळपाला रोगट म्हणायचं, हा कुठला न्याय?

फिरत्या कळपांचा विषय निघाला की आपल्यासमोर एक ठरलेलं भांडण उभं राहतं: पीक चरलं, बांध मोडला, पाणवठा गढूळ केला. भांडण चाऱ्याचं आणि पाण्याचं, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचं. टेक्सासचे कळप ज्या वाटेने जात त्या कॅन्सस-मिसूरीतही ते होतंच. पण तिथल्या बांधलेल्या गुरांच्या मालकाचं खरं नुकसान कळप निघून गेल्यावर महिना-दीड महिन्याने व्हायचं. गोठ्यात मेलेली गाय असायची आणि जाब विचारायला समोर कुणीच नसायचं. या एका गोष्टीने पुढची वीस वर्षं माणसांना बंदुका धरायला लावल्या.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. पुरुष लढाईवर असताना टेक्सासच्या रानात गुरं मोकाट वाढली होती. अंदाज चाळीस-पन्नास लाखांचा. तिथे एका बैलाचे चार डॉलर मिळायची मारामार, उत्तरेत त्याच बैलाचे चाळीस. मधल्या हजारभर किलोमीटरमध्ये रेल्वे नव्हती, पण गुरांना पाय होते. अडीच-तीन हजारांचा एक कळप, दहा-बारा घोडेस्वार, शिध्याची एक गाडी. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालायचं, वाटेत चरायचं, रात्री माळावर बसायचं. दोन-तीन महिन्यांनी रेल्वेचं ठाणं गाठायचं. सिनेमांनी ज्याला अमर केलं तो काउबॉय मुळात पगारी गुराखी होता आणि त्याचा बहुतेक वेळ धूळ खाण्यात जाई.

१८६६ मध्ये सुमारे २,६०,००० गुरं मिसूरीतल्या सेडालिया स्टेशनाकडे निघाली. त्यांतली थोडीच तिथवर पोचली. मिसूरीच्या आणि कॅन्ससच्या हद्दीवर शेतकऱ्यांच्या टोळ्या बंदुका घेऊन वाट अडवून उभ्या होत्या. कळप हाकणारा जेम्स डॉहर्टी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. आपल्याला झाडाला बांधून फोकांनी झोडपलं, अशी हकीकत त्याने पुढे सांगितली. अडवणारे सगळेच काही गायी मेलेले शेतकरी नव्हते. तापाचं निमित्त करून कळप पळवणारे, ‘दंड’ म्हणून पैसे उकळणारे उडाणटप्पूही त्यांत मिसळले होते. न्याय्य रागाच्या आडोशाला असे लोक नेहमीच उभे असतात.

पण राग न्याय्य होता. त्या शेतकऱ्याकडे काय होतं ते पाहायला हवं. सरकारकडून मिळालेली १६० एकर पडीक जमीन, एक बैलजोडी, एक-दोन दुभत्या गायी, चार वासरं. बैल मेला तर नांगर थांबला, गाय मेली तर पोरांचं दूध आणि विकायचं लोणी गेलं. तीन हजारांच्या कळपात वाटेत पन्नास मेली तरी मालकाचा हिशोब बिघडत नसे. इथे दोन मेली की संसारच बसला.

रोग नवा नव्हता. १७९६ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियात दक्षिण कॅरोलायनाच्या गुरांमागोमाग असाच ताप आला होता. पुढे जेम्स मीझ या डॉक्टरने तो फिलाडेल्फियाच्या शेतकी सभेपुढे मांडला आणि आणणारी गुरं स्वतः निरोगी असतात, हे कोडंही नोंदवलं. १८५३ मध्ये मिसूरीने तो अनुभवला आणि १८५५ मध्ये कायदा केला: रोगट गुरं राज्यात आणायला बंदी. कायदा कागदावर चोख होता. पण टेक्सासचं जनावर तपासायला घेतलं की ते ठणठणीत निघायचं, मग अडवणार कशाच्या आधारावर? पुढे मिसूरीने ही पळवाट बुजवली. मार्च ते नोव्हेंबर टेक्सासचं कुठलंच जनावर नको, रोगी असो वा निरोगी. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८७७ च्या सत्रातल्या एका रेल्वे खटल्यात रद्द केला. कारण तो निरोगी जनावरांनाही अडवत होता आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराच्या आड येत होता. कायद्याला रोगी जनावर हवं होतं. शेतकऱ्याच्या मुळावर येत होतं ते निरोगी जनावर.

यातून वाट काढली जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने, आणि गंमत म्हणजे तो इलिनॉयचाच. वस्ती संपते तिथेच रेल्वेचं ठाणं उभारलं तर कळपाला शेतकऱ्याच्या दारावरून जावंच लागणार नाही, हा त्याचा विचार. त्याने कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन निवडलं. तेव्हा ते म्हणजे ओंडक्यांच्या दहा-बारा झोपड्या. १८६७ मध्ये त्याने तिथे मोठाले गोठे, वजनकाटा आणि हॉटेल बांधलं. ५ सप्टेंबरला गुरांचे वीस डबे शिकागोकडे सुटले. त्या पहिल्या वर्षी सुमारे ३५,००० गुरं आली. कॅन्ससने त्याच साली टेक्सासच्या गुरांसाठी हद्द आखली होती आणि अ‍ॅबिलीन त्या हद्दीच्या आत, बंदी असलेल्या बाजूला येत होतं. तिकडे सगळ्यांनी सोयीस्करपणे डोळेझाक केली. मॅकॉय जाहिरातीत पटाईत होता. एका वर्षी त्याने रानरेडे दोरखंडाने पकडून आगगाडीत चढवले आणि गिऱ्हाईक जमवायला शिकागोपर्यंत फिरवले.

अ‍ॅबिलीनभोवतीच्या शेतकऱ्यांनाही सुरुवातीला कळप हवेच होते. या माळांवर झाड नाही, म्हणजे सरपण नाही. शेतकरी स्वतः जाऊन कळपवाल्याला विनवायचा, आज रात्री माझ्या जमिनीवर बसवा. सकाळी शेण राहायचं, वाळलं की हिवाळाभर चूल पेटायची. वाटेत जन्मलेली वासरं कळपाबरोबर चालू शकत नसत, तीही शेतकऱ्याला फुकट मिळत. आपल्याकडे धनगराला शेतात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंड्यांच्या खतासाठी धान्य-पैसा देतात, तशीच ही देवाणघेवाण. त्यामुळे गुराखी आणि शेतकरी यांचं वैर जन्मजात मानणारा इतिहास मला पटत नाही. दोघांना एकमेकांची गरज होती. मधे काहीतरी तिसरं आलं होतं आणि ते कुणालाच नीट दिसत नव्हतं.

ते दिसत नसल्यामुळे तर्कांना ऊत आला. टेक्सासच्या गुरांच्या श्वासात विष आहे. लाळेत आहे. लांबच्या चालीने फुटलेल्या खुरांतून पाझरतं. दक्षिणेतल्या कुठल्याशा वनस्पतीचा हा परिणाम आहे. टोलोनोच्या हाहाकारानंतर सरकारने चौकशीसाठी जॉन गॅम्जी या इंग्रज पशुवैद्याला पाठवलं. त्याने मेलेली जनावरं फाडून पाहिली, सुजलेल्या पाणथरीचं वर्णन केलं, कळपांच्या वाटा तपासल्या. काम मेहनतीचं होतं. शेतकऱ्यांनी त्याला सांगितलं, साहेब, या गुरांच्या अंगावर गोचिडी लगडलेल्या असतात, त्याच आमच्या गायींना लागतात आणि मग ताप येतो. गॅम्जीने हा तर्क हास्यास्पद ठरवून बाजूला सारला. थोडा विचार केला तरी कुणालाही त्यातला फोलपणा कळावा, असं त्याचं मत पडलं.

इथे मला आजीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळी ती गायीच्या कानामागच्या, कासेजवळच्या गोचिडी एकेक उपटून शेणीच्या निखाऱ्यावर टाकायची. फट्‌ आवाज यायचा. ‘रक्त पितात मेल्या’, एवढंच तिचं शास्त्र. मिसूरीच्या शेतकऱ्याचं त्याहून एक पाऊल पुढे होतं, आणि त्यालाच अडाणी म्हणून गप्प केलं गेलं.

१८६९ मध्ये इलिनॉयने टेक्सासच्या गुरांना बंदी केली. सूट फक्त उत्तरेत एक हिवाळा काढलेल्या जनावरांना. अनुभवातून आलेला हा नियम बरोबर होता. थंडीनंतर गुरं बाधत नाहीत, हे लोकांनी पाहिलं होतं. पण हिवाळा काढल्याचा दाखला लिहून देणारे अधिकारी काही दुर्मीळ नव्हते. त्या वर्षी अ‍ॅबिलीनहून निघालेल्या बघावं त्या जनावराने हिवाळा काढलेला होता.

१८७१ मध्ये सुमारे सहा लाख गुरं कॅन्ससमध्ये आली. तोवर अ‍ॅबिलीनच्या आसपासची जमीन शेतकऱ्यांनी धरली होती, तापाने गायी मरत होत्या आणि गावात दारू, जुगार, गोळीबार माजला होता. प्रसिद्ध बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक तिथला मार्शल झाला तो याच वर्षी. १८७२ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांच्या संघटनेने टेक्सासला छापील पत्रक धाडलं: यंदा आपले कळप दुसरीकडे न्या, इथले रहिवासी हा उपद्रव यापुढे सोसणार नाहीत. टेक्सासवाल्यांनी ऐकलं. त्या हंगामात अ‍ॅबिलीनची दुकानं ओस पडली, आणि ज्यांचं पोट कळपांवर होतं ते व्यापारी कपाळाला हात लावून बसले. पत्रकामागच्या पुढाऱ्यांपैकी टी. सी. हेन्री याने पुढे तिथे गव्हाचं मोठं पीक काढून नाव कमावलं. कळप एल्सवर्थला गेले, विचिटाला गेले, मग डॉज सिटीला. दर दोन-चार वर्षांनी कॅन्सस आपली हद्द आणखी पश्चिमेला ढकलत राहिलं आणि १८८५ मध्ये जवळजवळ सगळं वर्ष सगळ्या राज्याचं दार बंद केलं. जोसेफ ग्लिडनच्या १८७४ च्या पेटंटमुळे स्वस्त झालेली काटेरी तार तोवर माळांवर पसरलीच होती.

या सगळ्यात चार्ल्स गुडनाइटची गोष्ट मला विशेष वाटते. १८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंगबरोबर न्यू मेक्सिकोकडे कळप हाकून ज्याने वाट पाडली, तोच हा माणूस. दहा वर्षांनी त्याने टेक्सासच्याच उत्तर टोकाला, पालो ड्युरोच्या घळीत, मुक्काम ठोकला. चांगल्या जातीचे वळू आणले, गुरं सुधारली. आता तो एका जागचा झाला होता आणि त्याच्या गुरांनाही ताप मारू शकत होता. १८८१ मध्ये त्याने दक्षिणेतल्या एका जुन्या ओळखीच्या कळपवाल्याला पत्र लिहिलं: दोस्ती दोस्तीच्या जागी, पण या वाटेने आलास तर माझी माणसं अडवतील. पत्र वर्तमानपत्रांत गाजलं. त्या भागातल्या मालकांनी मिळून बंदुकधारी पहारा बसवला. विंचेस्टर रायफलीवरून लोक त्याला ‘विंचेस्टर क्वारंटाइन’ म्हणू लागले. मिसूरीच्या शेतकऱ्यांना वीस वर्षं खोटारडं म्हणणाऱ्या टेक्सासमध्येच एका टेक्सासवाल्याने दुसऱ्यावर बंदूक रोखली. स्थायिक होताच गुडनाइटला तापाची खात्री पटली.

खुलासा झाला तो वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी प्रयोगशेतात. १८८४ मध्ये पशुसंवर्धनासाठी केंद्र सरकारचं नवं खातं निघालं होतं. डॅनियल सॅमन त्याचा प्रमुख. त्याने तिशीतल्या थिओबाल्ड स्मिथला आणि पशुवैद्य फ्रेड किलबोर्नला या कामाला लावलं. शेतकऱ्यांचं म्हणणं या दोघांनी हसण्यावारी नेलं नाही. १८८९ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलायनाहून गोचिडी लागलेली गुरं आणली आणि कुंपणं घालून शेत वाटलं. पहिल्या वाफ्यात दक्षिणेची गुरं गोचिडींसकट, सोबत उत्तरेच्या गायी. दुसऱ्यात तशीच गुरं, पण गोचिडी हाताने वेचून काढलेल्या. लहानात लहानही सुटू नये म्हणून रोज तेच काम. तिसऱ्यात दक्षिणेचं एकही जनावर नाही, फक्त गवतावर गोचिडी टाकलेल्या आणि उत्तरेच्या गायी मोकळ्या सोडलेल्या. पहिल्या वाफ्यातल्या गायींना ताप आला. दुसऱ्यातल्या ठणठणीत राहिल्या. तिसऱ्यात दक्षिणेच्या गुराचं पाऊलही पडलं नव्हतं, तिथल्या गायी तापल्या.

पुढल्या प्रयोगांनी उरलेलं उलगडलं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गोचीड जमिनीवर पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. काही आठवड्यांनी पिलं गवताच्या टोकावर चढून जनावराची वाट पाहतात. आईच्या पोटातला रोगजंतू अंड्यातून पिलात उतरलेला असतो. पिलू चावलं की दहा-पंधरा दिवसांत गायीच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी लाल होते. स्मिथला सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत नासपतीच्या आकाराचे जोडीजोडीने बसलेले जीव दिसले. अंडी आणि ताप यांचे दिवस मिळवले की तो दीड महिना बरोबर जुळतो, कळप जाऊन गाय मरेपर्यंतचा. दक्षिणेतल्या वासरांना हा जंतू लहानपणीच लागतो, ती त्यातून तरतात आणि जन्मभर सुरक्षित होतात. टेक्सासवाला आपली गुरं निरोगी म्हणत होता ते खरं होतं, आणि शेतकरी त्याच गुरांनी आपली गाय मारली म्हणत होता तेही.

टोलोनोलाच रोग एवढा का भडकला, हे कोडंही सुटलं. गोचीड जनावराच्या अंगावर तीनेक आठवडे राहते, मग गळून पडते. दोन-तीन महिने पायी चालणारा कळप घरून आणलेल्या गोचिडी वाटेवरच टाकत यायचा. आगबोट आणि आगगाडीने आलेला कळप त्या सगळ्या अंगावर घेऊन थेट गायींच्या कुरणात उतरला.

स्मिथ आणि किलबोर्न यांचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. गोचिडीसारख्या संधिपाद जिवामार्फत सस्तन प्राण्याला रोग होतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी. गोचिडीचा जीवनक्रम ज्याने बारकाईने अभ्यासला त्या कूपर कर्टिसचं नाव मात्र अहवालावर लेखक म्हणून आलं नाही, आणि त्याची सल त्याला कायम राहिली.

१९०६ मध्ये सरकारने गोचीड निर्मूलनाची मोहीम काढली. आर्सेनिकच्या पाण्याचे लांब हौद बांधायचे आणि प्रत्येक जनावर दर दोन आठवड्यांनी त्यातून पोहून न्यायचं. पण हौदाचा भार पडला तो दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यावर. त्याच्या दोन-तीन गायी तापाने मरत नव्हत्या. मोठ्या बाजारात गुरं पाठवायची त्याची ऐपत नव्हती. तरी ऐन नांगरणीत त्याने मैलोन्‌मैल चालत गुरं हौदावर न्यायची, नाहीतर दंड भरायचा. जॉर्जियात, आर्कान्सात, मिसिसिपीत लोकांनी हे हौद सुरुंग लावून उडवले. पूर्वी उत्तरेच्या लहान शेतकऱ्याने रोगाची किंमत मोजली होती, आता दक्षिणेच्या लहान शेतकऱ्याने इलाजाची मोजली. मोहिमेच्या गौरवग्रंथांत हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

याच १९०६ मध्ये टेक्सासचा ए. पी. बोर्डन हिंदुस्थानातून वशिंडाची गुरं घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. आपल्या गुरांची कातडी गोचिडीला सहजी दाद देत नाही आणि उन्हाला डगमगत नाही, हे टेक्सासच्या मालकांना कळलं होतं. अमेरिकन ब्राह्मण ही जात ज्या रक्तांतून घडली त्यांत गीर, गुजरात आणि नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या गुरांचंही नाव घेतलं जातं. सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी काळ्या जमिनीच्या खोल नांगरटीसाठी जोपासलेली हीच ती कृष्णा खोऱ्याची जात. आपण मात्र पुढे दुधासाठी विलायती रक्त आणलं आणि गोचीड तापाने संकरित गाय आडवी झाली की डॉक्टरला फोन करतो.

अमेरिकेतली मोहीम १९४३ मध्ये पुरी झाली, एक पट्टा वगळून. रिओ ग्रांदे नदीच्या काठाने, डेल रिओपासून समुद्रापर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर. तिथे अजूनही सरकारी पगारावरचे घोडेस्वार रोज गस्त घालतात. मेक्सिकोतून नदी ओलांडून चुकार गाय आलीच, तर ते फास टाकून तिला धरतात आणि कानापासून शेपटीपर्यंत हाताने चाचपून गोचीड शोधतात.